पातेल्याचं पाप

"आजपासून या गावात कोणीही मरणार नाही," अशी घोषणा श्री निष्कांचन महाराजांनी दोन्ही हात आभाळाकडे नेऊन केली आणि दगडपिंपरीच्या मारुतीसमोर जमलेल्या शंभरएक माणसांनी हात जोडले. पहिला सवाल आला तो बनुबाईचा. कडेवरचं लेकरू सावरत, काळजीच्या सुरात तिनं विचारलं, "सासू धरून का?"

महाराजांनी डोळे मिटले. उत्तर द्यायचं नसलं की ते डोळे मिटत, आणि लोक त्याला समाधी म्हणत.

सगळ्यांत मागे, उपकेंद्राच्या ओट्यावर, तिथली नर्स पुष्पावती उभी होती. नेवाशाकडची बाई, बदलीनं पाथर्डीच्या या कोरड्या टोकाला आलेली. तिच्या डोक्यावरच भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, 'आरोग्यमेळा. रोज पहाटे. पैसा घेतला जाणार नाही.' आणि त्याच भिंतीवर दोन वर्षांपूर्वी सरकारी तेलरंगात लिहिलेलं होतं, 'येथे तपासणी व औषध मोफत.' पहिल्या फलकाखाली शंभर माणसं होती. दुसऱ्याखाली एकटी पुष्पावती होती.

"माझंही फुकटच आहे की," ती एकदा बनुबाईच्या सासूला, गोजरबाईला, म्हणाली होती.

सत्तरीची गोजरबाई तिच्या अडाणीपणावर हसली. "बाई, तुमचं फुकाट हाय. महाराजाचं फुकाट न्हाई, त्यो पैसा घेत न्हाई. लई फरक हाय त्यात."

फरक असा की सरकारनं दिलं ते टाकाऊ म्हणून फुकट, आणि महाराजांनी दिलं तो त्याग. शिवाय जो पैशाला शिवत नाही तो फसवेल कशाला, हा सवाल होताच. तो इतका बिनतोड होता की त्याचं उत्तर शोधायला कुणी गेलंच नाही.

हे सारं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं. पाऊस दोन वर्षं रुसलेला, विहिरींनी तळ दाखवलेला. ज्याला म्हणून हातोडा उचलता येत होता तो रोज सकाळी सरकारच्या खडी फोडायच्या कामावर जाई आणि रांगेत उभा राहून सुकडीचं पौष्टिक पीठ घेऊन येई. तिथला मुकादम निवडून माणसं घ्यायचा. खोकणारे, लंगडणारे, थरथरणारे, हातपाय सुजलेले तो परत धाडायचा. म्हणजे दिवसा गावात उरायचे ते फक्त आजारी.

आणि उरायचे गहिनीनाथ तात्या. माजी सरपंच, साठ एकरांचे धनी. तात्यांच्या विहिरीचं काम चाळीस हात खोलीवर अडकलं होतं. गडी सगळे खडीवर पळालेले. तात्या महिनाभर मिशा चावत हिंडले, मग कुठल्याशा जत्रेला गेले आणि येताना बैलगाडीत महाराजांना घालून आले. ह्या दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, पण गावातल्या कुणी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

महाराजांचं नावही गावानं सोपं करून घेतलं. 'निष्कांचन' जिभेवर बसेना, तेव्हा पुढचं 'निष्' गळालं आणि सगळे त्यांना कांचन महाराज म्हणू लागले. ज्याच्याकडे सोनं नाही तो एका आठवड्यात सोन्याचा झाला. महाराजांची हरकत नव्हती.

आरोग्यमेळ्याचा क्रम ठरलेला. उजाडताच मारुतीसमोर टाळ्या वाजवायच्या. मग पोट धरून मोठ्यांदा हसायचं. मग महाराज सांगत, "रोग घामावाटे जातो. घाम श्रमावाटे येतो. आणि श्रम भूमातेच्या उदरात शिरल्याशिवाय फळत नाही." भूमातेचं उदर म्हणजे तात्यांची विहीर. प्रत्येक रोग्यानं तिच्यातून एकवीस टोपल्या माती वर आणायची. संधिवाताला एकवीस, दम्याला एकवीस. मोतीबिंदूलाही एकवीसच, फक्त त्याच्या पुढे एक लंगडा चालायचा आणि 'पायरी हाय, पायरी हाय' सांगायचा.

"लई हलकं वाटतंया," रोगी वर येऊन म्हणत. टोपली खाली ठेवल्यावर कुणालाही वाटतं.

घाम वाळला की पापदहन. त्यासाठीच माणसं टोपल्यांपर्यंत टिकत. महाराज मातीच्या वाटीतल्या तीर्थात अंगठा बुडवत आणि म्हणत, "कोणाजवळ पैसा आहे? मला नको. मला दाखवा फक्त, तो काय आहे ते." कुणीतरी नवं पाच पैशांचं नाणं पुढं करी. महाराज ते त्याच्याच तळहातावर ठेवून अंगठ्यानं घासत आणि मूठ मिटायला सांगत. थोड्याच वेळात तो माणूस हात झटकत उड्या मारू लागे. नाणं निखाऱ्यासारखं तापलेलं असे. मूठ उघडावी तर त्याच्यावर पांढरी राख फुलत चाललेली.

"बघा," महाराज शांतपणे म्हणत. "ही लक्ष्मी नव्हे, अवदसा. हिला तुम्ही कमरेला बांधून झोपता, आणि सकाळी म्हणता की कंबर दुखते."

"रुपयाचं करून दावा की," एकदा एकानं म्हटलं.

"रुपयात पाप नाही का? आहे. पण ते श्रीमंताचं आहे. ते त्याचं त्यानं जाळावं. मी गरिबांचा आहे."

यावर लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांच्याही आलं.

ती पांढरी राख चिमूटचिमूट पुड्यांतून वाटली जाई. रोज पहाटे जिभेवर ठेवायची. आणि चमत्कार असा की ती लागू पडे. चारसहा दिवसांत रोग्याच्या तोंडाला पाणी सुटे, मग लाळ गळू लागे, मग धारच लागे. महाराज म्हणत, "रोग वितळला. आता तोंडावाटे चालला." वैशाख उजाडेपर्यंत दगडपिंपरीत पाणी फक्त रोग्यांच्या तोंडाला उरलं होतं. बायका पदर बदलून बदलून थकल्या. ज्याची लाळ गळत नव्हती तो शेजाऱ्याकडे हेव्यानं बघे आणि दोन पुड्या जास्त मागे.

गोजरबाई मेळ्याच्या विसाव्या दिवशी मेली. सतरावी टोपली डोक्यावर होती. विहिरीच्या सातव्या पायरीवर ती बसली, टोपली नीट बाजूला ठेवली आणि आडवी झाली.

गावात कुणी मरणार नाही असं ठरलेलं असल्यामुळे पंचाईत झाली. महाराजांनी बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हातारी गेलेली नाही. तिचं व्रत चार टोपल्यांनी अपुरं आहे, म्हणून ती अडकून आहे."

तेव्हा बनुबाईनं पदर खोचला आणि सासूच्या नावानं चार टोपल्या वर आणून टाकल्या. चौथीनंतर गोजरबाई अधिकृतरीत्या मोकळी झाली आणि दुपारी तिला जाळण्यात आलं. तात्यांनी लाकडं दिली. मोठ्या मनाचे, असं लोक म्हणाले.

पुष्पावतीला मात्र झोप येत नव्हती ती गोजरबाईसाठी नाही. तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिचा जीव छबूबाईत अडकला होता. तिशीची बाई, दोन लेकरांची आई, क्षयाची रोगी. नव्वद सुयांचा कोर्स. पुष्पावतीनं दारात जाऊन, गोड बोलून, कधी दम भरून एक्केचाळीस टोचल्या होत्या. छबूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, थुंकीतलं रक्त थांबलं होतं. आणि मग मेळा सुरू झाला. सुई दुखते, टाळ्या दुखत नाहीत. छबूबाईनं सुया सोडल्या. आता महिना होत आला होता. असं मधेच सोडलं की हा आजार दुप्पट जोरानं उलटतो आणि मग सुईलाही दाद देत नाही, हे पुष्पावतीला पाठ होतं.

ती विहिरीवर गेली. छबूबाई टोपली टेकवून खोकत होती. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, हिरड्या जांभळ्या पडून सुजल्या होत्या. चेहरा मात्र खुशीत.

"बाई, बऱ्या येळंला आलासा. बघा, रोग निघायला लागलाय."

"कुठून निघतोय?"

"ह्यो काय, तोंडातनं. दोन दात बी निघालं कालच्याला."

"दातांना क्षय नव्हता, छबूबाई."

"मुळासकट चाललाय म्हनं. महाराज म्हनलं, मूळ दातात असतं."

"उद्या सुईला ये. हात जोडते."

छबूबाईला बाईची कीव आली. तिनं समजूत घातली, "तुमी बी चार टोपल्या टाका, बाई. रातच्याला झोप लागंल."

परत येताना चिंचेखाली रज्जाकभाई कल्हईवाला भाता मारत बसलेला दिसला. वर्षातून एकदा तो यायचा, गावाची तांब्यापितळेची भांडी पांढरी करून जायचा. आज तो एक तांब्याचा गडू हातात घेऊन खुळ्यासारखा बघत होता.

"शिस्टरबाई, जरा इकडं या," त्यानं हाक मारली. "ह्यो तात्यांच्या घरचा गडू. साळूवयनींनी आत्ता धाडलाय. मी अजून हात लावला न्हाई. मंग ह्याला कल्हई कुनी केली?"

गडूच्या काठावर आतल्या बाजूनं अंगठ्याएवढे चार डाग होते. चांदीसारखे चकचकीत.

"वयनी म्हनत्यात, महाराज ह्यात हात धुत्यात. आता बघा गंमत." त्यानं गडू सांडशीत धरून निखाऱ्यावर नेला आणि तोंड फिरवून घेतलं. क्षणात डाग नाहीसे झाले, खाली नुसतं तांबं राहिलं. "कल्हई असती तर वितळून पसरली असती. ही उडून गेली. पारा हाय, बाई. आमच्या वालिदांनी दावलं हुतं. जत्रंत भामटे रसकापराच्या पान्यात तांब्याचा पैसा बुडवायचे आन चांदीचा म्हनून खपवायचे."

"रसकापूर," पुष्पावती पुटपुटली.

ट्रेनिंगच्या वेळचा वॉर्ड तिच्या डोळ्यांपुढे आला. निळी बाटली, वर 'विष' अशी चिठ्ठी. जखमा धुवायची भांडी निर्जंतुक करायचं पाऱ्याचं लोशन, म्हणजे रसकापराचंच पाणी. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यात एक ॲल्युमिनियमचा ट्रे बुडवून बाजूला ठेवला होता. थोड्या वेळात ट्रे तापला आणि त्याला बुरशीसारखी पांढरी लव फुटली. मेट्रननं सगळ्यांसमोर तिचे कान उपटले होते. त्या लोशनचा थेंब पोटात गेला तर काय होतं, तेही तेव्हाच शिकवलं होतं. लाळ, हिरड्या, दात, मग लघवी बंद.

"रज्जाकभाई, नवे पाच पैसे कशाचे असतात?"

"जर्मनचे," रज्जाक म्हणाला. गावाकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणत, तो पंधरा वर्षांत तिथून एकदाही आलेला नसला तरी. "फुकलं तर उडंल असा हलका. रुपया निकलचा. जुना ढब्बू तांब्याचा." आणि मग त्याच्या हातातली भात्याची दोरी थांबली. "म्हून त्यो रुपयाला हात लावीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मेळ्यात टाळ्या झाल्या, हसणं झालं, टोपल्या झाल्या. पापदहनाला पुष्पावती पुढे आली. "महाराज, माझंही पाप जाळा," असं म्हणून तिनं तळहात पुढं केला. त्यावर राणीच्या काळातला जाडजूड ढब्बू पैसा होता.

महाराजांनी तो पाहिला आणि डोळे मिटले.

"समाधी नंतर लावा," पुष्पावती म्हणाली. "आधी एवढं पाप जाळा. जुनं आहे, चांगलं मुरलेलं."

लोक हसले. महाराजांना डोळे उघडावे लागले. "जुन्या नाण्याचं पाप जुन्यांबरोबर गेलं," ते म्हणाले. "ते निर्दोष आहे."

"बरं. मग तीर्थ तरी द्या. तीर्थ सगळ्यांचं असतं ना?"

काल सकाळीच महाराज तसं गर्जून म्हणाले होते. ते वाटी मागं ओढण्याआधीच तिनं चिमट्यात कापसाचा बोळा धरून मातीच्या वाटीत बुडवला. रज्जाकनं पिशवीतून एक जर्मनचं पातेलं काढलं, वाळूनं घासून लख्ख केलेलं. ते तात्यांच्या घरचंच. तात्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, ते ओळखलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, आमचं पातेलं हितं कसं?"

"काल घासायला तुमीच तर दिलंत, वयनी," रज्जाक म्हणाला.

पुष्पावतीनं बोळा पातेल्याच्या पालथ्या बुडावरून फिरवला आणि ते मारुतीच्या पायरीवर ठेवलं. सगळे वाट बघत बसले. तात्या उठू लागले, पण मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. मग बनुबाईनं बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. पातेल्याच्या बुडावर पांढरी लव उगवत होती, डोळ्यांदेखत वाढत होती.

"आता सांगा, महाराज," पुष्पावती म्हणाली. "पातेल्यानं काय पाप केलं?"

"महाराजाचा भात शिजीवला," मागून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी हात उंचावले. "नास्तिकाचा स्पर्श झाला की निर्जीव वस्तूदेखील..."

पण पुष्पावती त्यांच्या हाताकडे बघत होती. बोटं पानासारखी थरथरत होती. ती जवळ गेली आणि ज्या आवाजात ती रोज पोरांना सांगत असे त्याच आवाजात म्हणाली, "तोंड उघडा."

आणि महाराजांनी उघडलं. आत पाच दात होते. हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती.

"लाळ कधीपासून?"

"आठ म्हैनं झालं," महाराज म्हणाले. त्यांची ती शुद्ध भाषा लाळेबरोबर वाहून गेली होती. "लई दुखतंया बाई. जेवान जात न्हाई. काय असलं तर द्या की."

"हे तीर्थ म्हणजे रसकापूर. विष आहे हे, ठाऊक होतं?"

"गुरूनं पैसा तापवायचा तेवढा दावला. खायाचं त्यानं न्हाई सांगितलं. मी बी न्हाई सांगितलं." त्यांनी गर्दीकडे थरथरतं बोट केलं. "मी राख झटकून टाकायचो. पयल्या दिवशी ह्याच बायांनी उचलून चाटली. म्हनल्या, गुन आला. मंग मी कशाला न्हाई म्हनू? तात्या म्हनलं, वाटा."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

कुणाला वाटेल की आता गाव महाराजांवर तुटून पडलं. तसं काही झालं नाही. लाळ गळत असताना माणसाला नीट ओरडता येत नाही. शिवाय बरेच जण मनात दोन पुड्या जास्त मागितल्याचा हिशेब करत होते. बनुबाई तेवढी महाराजांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या चार टोपल्या?" महाराजांना डोळे मिटायचाही धीर उरला नव्हता.

सुकडीच्या ट्रकमधून पुष्पावतीनं नऊ जणांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं; छबूबाई ट्रकमध्ये चढायला तयार झाली नाही. सात परत आले. महाराज दहावे व्हायला तयार होते, पण पोलीस येतोय असं ऐकून त्यांनी एसटी पकडली. कंडक्टरला त्यांनी सगळे सुटे पैसे मोजून दिले. एकही तापला नाही.

पुष्पावती परतल्यावर तात्या उपकेंद्रावर आले आणि दाराशी घोटाळले. "बाई, झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पन घाम गाळनं तब्येतीला चांगलं, हे तर तुमचं डॉक्टर बी म्हनत्यात ना? तुमी लोकांना तसं सांगितलं तर बरं हुईल. इहीर चारच हात खनायची राहिलीय."

पुष्पावतीनं दार लावून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात छबूबाई आली. सहा दात गेलेले, गाल आत ओढलेले, दंड पुन्हा काडीसारखा. पण आली. आपण होऊन आली. पुष्पावतीच्या छातीवरचा धोंडा हलला. सुई उकळायला ठेवून ती ओट्यावर आली, तिथं छबूबाईबरोबर आलेली आठदहा माणसं बसली होती.

"ऐका," ती म्हणाली. "कुणी म्हणालं, मी पैसा घेत नाही, तर हात जोडू नका. मग काय घेतो ते विचारा. त्यानं तुमचा घाम घेतला, दात घेतले, दोन माणसं अधिक गोजरबाई घेतली. माझंही फुकट आहे, मलाही विचारा. सुईत काय आहे विचारा, बाटली वाचून दाखवा म्हणा, दुखतं का म्हणा. दुखतं, मी खोटं सांगणार नाही. जे औषध प्रश्न विचारू देत नाही ते पोटात घालू नका. आणि एखादी वस्तू तापली, हलली, उडाली, तर तिच्या पाया पडण्याआधी ती कशाची आहे ते बघा. एवढंच. ह्याला शाळा लागत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारे म्हणाले, "खरं हाय." बायका म्हणाल्या, "बाई, आमचे डोळे उघाडले." छबूबाईनं डोळे पुसले, आत येऊन बाकावर बसली आणि मुकाट्यानं दंड पुढं केला. बेचाळिसावी सुई.

मग कापूस दंडावर दाबून धरत, इकडेतिकडे बघून, तिनं कनवटीला चाचपलं आणि हळूच विचारलं, "बाई, एक इचारू का? तुमीच म्हनलासा, इचारा."

"विचार की."

"महाराजाच्या राखंची एकच पुडी राह्यलीय. टाकून द्यायला जीव होत न्हाई. तेवढी घेऊन टाकू का?"